किल्ली कोणाजवळ होती?

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोकरीच्या कपड्यांची निगा कशी राखावी ते लिहीन असं मी कबूल केलं होतं. थंडी पडायला लागली आहे, तुमची तशी पत्रंही आली आहेत. पण स्वेटर आणखी एक आठवडा थांबतील. मला आज एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती याच सदरात झालेली चूक आहे. कोणती, ते सगळ्यांत शेवटी सांगते. आधी सांगितली तर तुम्ही म्हणाल, 'इतकंच ना?'

आमच्या घरापासून चार दारं सोडून काकूंचं फराळाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एका जुन्या वाड्याची पुढची ओसरी आणि तिच्यामागची एक खोली. सोळा वर्षांपूर्वी काका अचानक गेले. पदरात दोन मुलं, सासरचा आधार नावापुरता. काकूंनी दोन किलो भाजणीच्या चकल्या करून ओळखीच्या घरांत नेऊन दिल्या, तिथून हा व्याप वाढला. आता एरवी दोघी आणि दिवाळीच्या आधी आठ-नऊ बायका कामाला असतात. भाजणी भाजायला घेतली की वास थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि सासूबाई म्हणतात, "चला, दिवाळी आली."

या दुकानात अकरा वर्षं एक मावशी होत्या. दुकान काकूंचं खरं, पण चकलीला जो काटा यायचा तो मावशींच्या हाताचा. पहाटे पाचला येऊन त्या दुकान उघडायच्या, म्हणून एक किल्ली कायम त्यांच्या कमरेला. त्यांची मुलगी माझ्या शाळेत सातवीत आहे. (मी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच.)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये गणपती पाच दिवसांवर आले असताना तळणीच्या मोदकांचा एक मोठा घाणा करपला. काकू म्हणाल्या, 'पगारातून कापून घेईन.' मावशी म्हणाल्या, 'सकाळपासून तिघींचं काम एकटी करतेय, ते नाही दिसत?' शब्दाला शब्द वाढला. मावशींनी कमरेची किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली (काकू म्हणतात, आपटली) आणि त्या निघून गेल्या. त्या महिन्याचा बावीस दिवसांचा पगार राहिला. काकूंचं म्हणणं, "राग उतरला की येईल आपण होऊन, तेव्हा देऊ." मावशी पगारासाठी दोनदा येऊन गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. दोन्ही वेळा काकू कामात होत्या आणि 'नंतर ये' म्हणाल्या.

मग आली कोजागिरी. ६ ऑक्टोबर, सोमवार. आमच्या वाड्याच्या गच्चीवर दरवर्षी सगळ्यांचं मिळून दूध आटवतात. त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी दुधाच्या पिशव्या घेऊन घाईघाईनं घरी येत होते, तेव्हा दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीपाशी मावशी उभ्या दिसल्या. दोन्ही हात गुंतलेले, त्यात दूध नासेल ही धास्ती. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे.

रात्री साडेनऊला काकूंनी दुकान बंद केलं आणि त्याही गच्चीवर आल्या. गाणी, भेंड्या, मुलांचा धिंगाणा, सगळं बारा-साडेबारापर्यंत चाललं. खाली कुणी ढोल वाजवला असता तरी ऐकू आला नसता.

सकाळी काकूंनी किल्ली लावली, कुलूप उघडलं, आत पाय ठेवला आणि मट्कन खालीच बसल्या. दिवाळीच्या ऑर्डरींचे आगाऊ घेतलेले अठरा हजार चारशे रुपये बिस्किटांच्या डब्यात होते, तो डबा नाही. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा नाही. आदल्याच दिवशी आणलेला पंधरा किलो तुपाचा डबा नाही. बाकी सगळं जिथल्या तिथे. कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडकीचे गज शाबूत.

आता पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिलंच पाहिजे. दाराशी दहा-बारा जणी जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "कुलूप न तोडता आत शिरलाय, म्हणजे किल्लीवालाच." आणि मी, अगदी सहज, जसं आपण 'काल बाजारात कोथिंबीर स्वस्त होती' म्हणतो तसं म्हणाले, "अगं बाई, काल संध्याकाळी तर मावशी इथेच उभ्या होत्या!"

एवढंच वाक्य. मी डबे भरून शाळेत गेले. दुपारी परत आले तेव्हा माझ्याच जाऊबाई मला सांगत होत्या, "ऐकलंत का? मावशीला म्हणे कुणीतरी कुलपाला किल्ली लावताना पाहिलं." मी विचारलं, "कुणी?" तर म्हणाल्या, "ते नाही माहीत, पण पाहिलंय." त्या 'कुणीतरी'ला मी आरशात रोज पाहते!

काकूंनी फिर्याद दिली. द्यायलाच हवी होती, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फिर्यादीत 'संशय कुणावर?' असं विचारल्यावर त्यांनी मावशींचं नाव सांगितलं. किल्ली अकरा वर्षं तिच्याकडे होती, पैसे कोणत्या डब्यात असतात ते तिला ठाऊक होतं, भांडून गेली, आणि आदल्या संध्याकाळी तिथे दिसली. एकाखाली एक मांडलं की खरंच वाटतं हो! मलासुद्धा दोन दिवस वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

मावशींना चौकीवर बोलावलं. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसवून ठेवलं, मधूनमधून विचारलं. अंगाला कुणी बोट लावलं नाही, वाईट शब्द नाही. घराची झडती झाली. एक पितळी सोऱ्या मिळाला, तो त्यांचा स्वतःचा, आणि भिशीचे तीन हजार दोनशे रुपये. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. नंतर आणखी एकदा. अटक नाही, आरोपपत्र नाही. पण त्यांनी नुकतंच मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत काम धरलं होतं, तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं हे काय ते मिटू द्या, मग बघू." झालं, काम गेलं.

आणि सातवीच्या वर्गात खिडकीजवळचं तिसरं बाक रिकामं दिसायला लागलं. आधी वाटलं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, तिची आई चोर आहे ना, म्हणून ती येत नाही." वर्ग हसला. पहिल्या सत्राची परीक्षा त्याच आठवड्यात होती. मुलीनं एकही पेपर दिला नाही.

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू खोटं काय बोललीस? होत्याच ना त्या उभ्या?" खोटं नव्हतंच, तीच तर पंचाईत. मग म्हणाले, "आता पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस." पुरुषांना भानगडी बाहेरून आत येताना दिसतात. ही भानगड आमच्याच ओट्यावरून निघाली होती.

माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई वकील आहे. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. तिनं जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. तुमच्यापैकी ज्यांची छोटी दुकानं, शिवणवर्ग, पाळणाघरं, खानावळी आहेत त्यांना, आणि ज्या दुसऱ्याकडे कामाला जातात त्यांनाही ते उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, आता इंडियन पीनल कोडाचा जमाना गेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. मात्र चोरी-घरफोडीची मूळ व्याख्या बरीचशी जुनीच. आपल्याला वाटतं, घरफोडी म्हणजे कुलूप तोडलं, भिंत फोडली. तसं नाही. गुन्हा करायला आत शिरण्यासाठी नुसतं कुलूप उघडलं, मग ते चोरकिल्लीनं का होईना, तरी कायद्यात ती घरफोडीच. आणि रात्र म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. रात्री चोरीच्या इराद्यानं केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. चकल्या तळणाऱ्या बाईच्या डोक्यावर आपण काय टांगून ठेवलंय, याची आम्हां कुणालाच कल्पना नव्हती.

नोकरानं मालकाची चोरी केली तर त्याला वेगळं कलम आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. पण ते नोकरीत असलेल्या माणसाला. काम सोडून गेलेली बाई त्या कलमात बसत नाही. वकीलबाई म्हणाली, "लोक 'जुनी नोकर' म्हटलं की अर्धा गुन्हा शाबीत धरतात. कायद्यात मात्र ती इतर कुणाहीसारखी एक व्यक्ती आहे. तिच्याकडे चोरीचा माल सापडला का, तिला आत जाताना कुणी पाहिलं का, हेच बघायचं."

फिर्यादीची नक्कल फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. काकूंनी घेतलीच नव्हती. पोलिसांपुढे कुणी 'मीच चोरी केली' असं कबूल केलं, तरी तो कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होतं आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. अटकेची गरज नसेल तर पोलीस लेखी नोटीस देऊन हजर राहायला सांगू शकतात, आणि नोटीस मिळाली की जायलाच हवं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक प्रसंगी करायची झाली, तर ती महिला अधिकाऱ्यानं आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आणि जी बाई साक्षीदार आहे, आरोपी नव्हे, तिला जबाबासाठी चौकीवर बोलावता येत नाही; पोलिसांनी ती राहते तिथे यायचं. हे शेवटचं मला माझ्यासाठी कळलं आणि जरा धीर आला.

एक गोष्ट तर मला बी.ए.पर्यंत शिकूनही माहीत नव्हती. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. तिचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत. पुरुषांना सर्वसाधारणपणे उत्पन्नाची अट असते, बाईला नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं तिथे अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरावर फोन लावायचा. हा नंबर मी कॅलेंडरच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला आहे. मावशींनाही चिठ्ठीवर लिहून पाठवला, पण मुलीच्या मैत्रिणीच्या हाती. स्वतः जायचा धीर अजून झाला नव्हता.

दोन दिवसांनी माझा जबाब घ्यायला एक हवालदार आणि एक महिला शिपाई घरी आले. सासूबाईंनी चहा ठेवला. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि लिहिलं. मी म्हटलं, "वाचून दाखवता का?" वाचलं तर त्यात होतं, 'सदर महिला दुकानाजवळ संशयास्पदरीत्या फिरताना दिसली.' मी म्हटलं, "भाऊ, मी 'संशयास्पद' म्हणाले नाही. 'फिरताना' पण नाही. त्या रस्त्याच्या पलीकडे, गिरणीपाशी उभ्या होत्या. सात वाजले होते, गिरणी चालू होती, काकूंचं दुकानही उघडं होतं. दाराशी मी त्यांना पाहिलं नाही. किल्ली तर नाहीच नाही." हवालदारांनी जरा माझ्याकडे पाहिलं, पण कुरकुर न करता सगळं दुरुस्त केलं. अशा जबाबावर सही घ्यायची नसते, तेव्हा सहीची वेळ आल्यावर वाचू, असं म्हणून बसू नका. बोलून झालं की तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगा.

आता काकूंचीही बाजू ऐका. दिवाळीचा सगळा नफा गेला, वर लोकांचे आगाऊ घेतलेले पैसे देणं लागत होतं. बँकेच्या कर्जाबरोबर दुकानाचा घरफोडीचा विमा उतरवलेला होता. वाटलं, चला, निदान ते तरी येतील. विमा कंपनीचा माणूस आला, पंचनामा वाचला, म्हणाला, "मोडतोड कुठे आहे? कुलूप शाबूत, दार शाबूत. बसत नाही." काकू रडकुंडीला आल्या. मी वकीलबाईला विचारलं, तर ती म्हणाली, हे खरं आहे. अशा विम्याच्या कागदात बहुधा 'जबरदस्तीनं, बळ वापरून आत शिरल्यास' अशी अट असते. २००४ साली सुप्रीम कोर्टानंही एका विम्याच्या खटल्यात हेच सांगितलं: करारात जी व्याख्या लिहिली आहे तीच चालणार, फौजदारी कायद्यातली नाही. म्हणजे गंमत बघा. चोरकिल्लीनं कुलूप उघडलं तर चोराला शिक्षा द्यायला ती घरफोडी, आणि तुम्हांला पैसे द्यायला नाही! तुमच्या दुकानाचा विमा असेल तर आज दुपारी तो कागद काढून ही अट वाचा. बारीक अक्षरात असते, चष्मा लावून वाचा.

दिवाळी झाली. काकूंनी नेहमीच्या निम्मीच कामं घेतली. चकलीला काटा नव्हता, गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं.

भाऊबीज झाल्यावर काकूंनी दार बदलायचं ठरवलं. जुनं सागवानी दार, पण त्यांना आता ते नकोसं झालं होतं. सुतार आला तेव्हा मी चकलीचा डबा परत करायला म्हणून तिथेच होते. त्यानं आधी चौकटीवरचा कोयंडा काढायला घेतला. पेचकस लावला आणि थांबला. मग नुसत्या बोटांनी पट्टी ओढली. चारही स्क्रूंसकट कोयंडा त्याच्या हातात आला! एक फेरासुद्धा द्यावा लागला नाही. म्हणाला, "काकू, याला तर काही धरच नाही. हे असं कुलपासकट ओढलं की दार उघडं, आणि परत दाबून ठेवलं की जसंच्या तसं."

आणि स्क्रूंच्या भोकांतून खाली काय पडलं माहीत आहे? काडीपेटीच्या काड्या. तुकडे तुकडे झालेल्या, काही ओल्या, काही ताज्या मोडलेल्या.

मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, पावसाळ्यात स्क्रू सैल झाले होते. तूच नाही का लिहिलं होतंस तुझ्या सदरात? भोक मोठं झालं तर त्यात काड्या ठोकायच्या, वर स्क्रू पिळायचा, गच्च बसतो म्हणून. मी कात्रण काढून ठेवलंय."

लिहिलं होतं मी. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीसाठी लिहिलं होतं, पण 'फक्त कपाटासाठी' असं काही म्हटलं नव्हतं. मला खूण लक्षात ठेवायला सोपी वाटली होती म्हणून ती टीप मला आवडलीही होती.

म्हणजे बघा. किल्ली कोणाजवळ होती, या एका प्रश्नावर आमच्या सबंध पेठेनं एका बाईला चोर ठरवलं, आणि चोराला किल्ली लागलीच नव्हती. कुणीही, कोजागिरीच्या रात्री रस्ता सामसूम असताना, हातानं ओढून आत शिरला असेल आणि जाताना कोयंडा दाबून गेला असेल. पंचनाम्यात कुलूप पाहिलं, कडी पाहिली. ज्याच्यात कडी अडकते ते कुणी हलवून पाहिलं नाही. आणि त्यात माझा नंबर पहिला, कारण काड्यांची गोष्ट मला माहीत असायला हवी होती.

सुताराला मी म्हटलं, आता कशाला हात लावू नका. काकूंनी फोनवर फोटो काढले आणि आम्ही दोघी चौकीवर गेलो. साहेबांनी माणूस पाठवून कोयंड्याचा पुरवणी पंचनामा केला. विमा कंपनीलाही काकूंनी तो जोडून पुन्हा अर्ज केला आहे. अजून उत्तर नाही. चोर सापडलेला नाही. तुपाचा डबा कुणाच्या घरी रिकामा झाला ते देवाला ठाऊक.

मग राहिलं मावशींकडे जाणं. काकू आधी तयार नव्हत्या. "ती नव्हती हे तरी कुठे सिद्ध झालंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, ते राहू दे. बावीस दिवसांचा पगार तर सिद्ध आहे ना?" त्यावर गप्प बसल्या. आता नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात तर कामावरून काढलं काय किंवा आपण होऊन सोडलं काय, दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायला सांगितलं आहे. काकूंना हे वाचून दाखवलं. पण त्या कायद्यानं उठल्या असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट भरलं आणि म्हणाल्या, "मोदकांचे कापले नाहीत गं."

मावशींची खोली गावाबाहेरच्या वस्तीत आहे. आम्हांला पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. काकूंनी कोयंड्याचं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मावशींनी पाकीट घेतलं, आमच्यादेखत मोजलं, दोनदा. मग म्हणाल्या, "बरोबर आहेत." काकूंनी विचारलं, "येशील का परत?" त्या म्हणाल्या, "नाही. तेवढं पोलिसांत लिहून द्या, माझ्यावर संशय नाही म्हणून." ते काकूंनी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं, त्याची पोच घेतली, आणि पोचेची नक्कल मी स्वतः मावशींना नेऊन दिली.

निघताना मावशी मला म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी मी पगार मागायलाच आले होते. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून पलीकडे थांबले. तुम्ही मला बघितलंत ना? मग हाक का नाही मारली?"

मला दुधाचं सांगता येईना.

मुलगी आता शाळेत येते. मुख्याध्यापिकाबाईंनी तिचे पेपर पुन्हा घ्यायला परवानगी दिली. तिनं ते शिक्षकांच्या खोलीत एकटीनं बसून लिहिले. मराठीचा मीच तपासला. निबंधाला तीन विषय होते, त्यांत 'माझी आई' होता. तो तिनं सोडला आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिला. ज्या मुलानं वर्गात तसं म्हटलं होतं त्याला मी बाजूला घेऊन बोलले. पण त्यानं ते कुठून ऐकलं, हे विचारायची मला सोय नव्हती.

आता ज्यांच्याकडे कामाला माणसं आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. काम सोडून कुणी गेलं की त्याच दिवशी कुलूप बदला. भांडून गेलं तरी, गळ्यात पडून रडत गेलं तरी. मनात धरून नव्हे, रीत म्हणून. तुम्हांला वाटेल हा अविश्वास झाला. उलट, कुलूप बदललेलं असतं तर मावशींच्या किल्लीचं नावच निघालं नसतं; नवं कुलूप मालकिणीइतकंच गेलेल्या बाईलाही जपतं. चांगल्या लिव्हरच्या कुलपाला काही शे रुपये पडतात. स्वस्तातल्या कुलपांत किल्ल्यांचे नमुने थोडेच असतात, एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, तेव्हा तिथे काटकसर नको. किल्ली परत घेतल्याचं आणि पगार दिल्याचं एका वहीत लिहून दोघींच्या सह्या असू द्या, आणि वहीच्या त्या पानाचा फोटो जाणारीजवळही राहू द्या. आगाऊ घेतलेली रक्कम रात्री दुकानात ठेवू नका. आता बहुतेक जण फोनवरून पैसे देतात, उरलेली रोकड घरी न्यायला पर्स पुरते. बिस्किटांचा डबा, तांदळाचा डबा, देवाच्या फोटोमागची जागा, या सगळ्या जागा चोरांना आपल्याहून जास्त पाठ असतात.

आणि आता ती दुरुस्ती. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात काडीपेटीच्या काड्या ठोकायचा जो उपाय मी या सदरात दिला होता, तो कपाटाच्या बिजागरीला, फळीला, फोटोच्या खुंटीला करा. दाराच्या कडी-कोयंड्याला, खिडकीच्या गजाला किंवा जिन्याच्या कठड्याला मुळीच करू नका. तिथे लाकूड आरपार भोक पाडून बोल्ट घाला आणि आतल्या बाजूनं नट आवळा, म्हणजे बाहेरून ओढून निघत नाही. सुतार अर्ध्या तासात करून देतो. आज रात्री दार लावण्यापूर्वी कोयंडा एकदा हातानं जोरात ओढून पाहा. ज्यांनी ते कात्रण काढून ठेवलं असेल, त्यांनी त्यावर पेनानं हे लिहून ठेवावं.

स्वेटर पुढच्या आठवड्यात.